‘आमेन’ म्हणायच्या आधी गप्प बस

प्रिय मावशी,

मी ४६ वर्षांची आहे. बारा वर्षांपूर्वी माझे वडील वारले. आमचं जुनं भांडण होतं. शेवटच्या आजारपणात एका संध्याकाळी त्यांचे तीन फोन आले आणि मी ते मुद्दाम उचलले नाहीत. पहाटे ते गेले. चर्चमध्ये फादरांपुढे आपली पापं कबूल करतात त्या पापनिवेदनात हे पाप मी आजवर नऊ वेळा सांगितलं, दर वेळी वेगळ्या फादरांना. कोणी ते मनावर घेत नाही. प्रायश्चित्त म्हणून मरियामातेची ‘नमो मरिया’ ही छोटी प्रार्थना तीनदा म्हणायला सांगतात आणि पाठवून देतात. एवढ्या पापाला एवढंसं प्रायश्चित्त? शेवटी फादर म्हणतात ते पापमुक्तीचे शब्द तर मला नीट ऐकूही येत नाहीत, कारण तेव्हा मी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत असते. नवरा म्हणतो, आता पुरे कर. रोज दुपारी तीनला मी दैवी दयेची जपमाळ म्हणते. देवाचं जगावर प्रेम आहे, याबद्दल शंका नाही. माझ्यावर आहे का, तेवढं कळत नाही. मी काय करू?

एक वाचक

प्रिय मुली,

पहिल्यांदा वाचताना मी त्या तीन फोनांपाशी थांबले. कोणीही थांबेल. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र नजर एका वेगळ्याच वाक्यावर अडली. तू ते जाता जाता लिहून गेली आहेस: पापमुक्तीचे शब्द ऐकू येत नाहीत, कारण तेव्हा मी प्रार्थना म्हणत असते.

म्हणजे बारा वर्षांत नऊ वेळा तू गुडघे टेकलेस, जे सांगायचं ते सांगितलंस, आणि ज्या क्षणासाठी गेली होतीस नेमक्या त्याच क्षणी तू बोलत होतीस.

ही सवय कुठून आली, ते मला ठाऊक आहे. माझ्या लहानपणी फादर पापमुक्तीचे शब्द लॅटिनमध्ये पुटपुटत आणि त्याच वेळी आपण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणून मोकळे होत असू. मीही तशीच शिकले. पण १९७३ साली पापनिवेदनाच्या संस्काराचा नवा विधी आला, आणि त्यातला क्रम स्पष्ट आहे. आधी आपली प्रार्थना. ती संपली की फादर हात पुढे करतात आणि ते शब्द उच्चारतात. त्या वेळी आपण काहीही म्हणायचं नसतं. शेवटी फक्त ‘आमेन’.

ते शब्द तू ऐकलेलेच नाहीस, म्हणून त्यांचा आशय सांगते. सुरुवात होते ती दयाळू पित्यापासून. आपल्या पुत्राच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने त्याने साऱ्या जगाचा स्वतःशी समेट घडवला, पापांच्या क्षमेसाठी पवित्र आत्मा पाठवला. इथवर सगळं जगाबद्दल आहे, आणि इथवर तुलाही काही अडचण नाही. मग वाक्य वळतं. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, सेवेतून देव तुला क्षमा आणि शांती देवो, आणि मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

तुला. मूळ लॅटिनमध्येही तो शब्द एकवचनी आहे. साऱ्या जगापासून निघालेलं वाक्य शेवटी एकाच माणसापाशी येऊन थांबतं, आणि त्या घटकेला तो माणूस तू असतेस. ‘देवाचं माझ्यावर प्रेम आहे का’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर नऊ वेळा तुझ्या कानाशी, वीतभर अंतरावर दिलं गेलं. तू त्यावरून बोलत गेलीस.

तुझी जपमाळसुद्धा बघ. आमच्यावर आणि साऱ्या जगावर दया कर, असं त्यात पन्नास वेळा येतं. सुंदर प्रार्थना आहे, सोडू नकोस. पण त्या गर्दीत लपायला तुला बरं वाटतं, असा मला संशय आहे. ही भक्ती जिच्यामुळे जगभर पोहोचली, त्या पोलंडच्या सिस्टर फॉस्टिनाला १९३१ साली प्रभूने एक चित्र काढून घ्यायला सांगितलं. १९३४ मध्ये ते रंगवून झालं. चित्राखाली काय लिहायचं, हेही त्यानेच सांगितलं होतं: येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. पोलिश भाषेत तिथे ‘मी’ हा वेगळा शब्द लागत नाही, तो क्रियापदातच असतो. ‘आमचा भरवसा आहे’ असं त्याने लिहून घेतलं नाही.

आता प्रायश्चित्ताची तक्रार. फादर घाईत होते की नव्हते, यात मी पडत नाही. तुझ्या नवऱ्याचा कंटाळाही बाजूला ठेवते. पण तीन ‘नमो मरिया’ तुला कमी वाटतात, याचा मला खरंच राग आला. प्रायश्चित्त ही क्षमेची किंमत नसते. किंमत क्रुसावर दिली गेली आहे, त्यात तुझे चार पैसे कोणी मागितलेले नाहीत. तू क्षमा मागायला जातेस आणि शिक्षेची वाट बघतेस. ती मिळत नाही, म्हणून पुढचं दार ठोठावतेस.

उधळ्या पुत्राचा दाखला तुला पाठ असेल. तरी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात पुन्हा जा आणि नीट बघ. बापाकडून घेतलेला वाटा उधळून डुकरांमध्ये बसलेला तो मुलगा घरी परतायचं ठरवतो आणि भाषण तयार करतो. त्यात तीन गोष्टी असतात: मी पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला तुमच्या एखाद्या चाकरासारखं ठेवा. वाटभर त्याने ते घोकलं असणार. घर दूर असतानाच बाप धावत येतो, गळ्यात पडतो, मुके घेतो. मुलगा बोलू लागतो. पहिली गोष्ट सांगून होते, दुसरीही होते. तिसरी येतच नाही. बाप नोकरांकडे वळलेला असतो: झगा आणा, अंगठी आणा, पायात जोडे घाला.

चाकरीची मागणी त्याच्या घशातच राहते, कारण बाप ती ऐकून घ्यायला तयार नाही. आणि मुलगा गप्प होतो. मला तर त्या मुलाचं सगळ्यात शहाणपणाचं कृत्य हेच वाटतं. डुकरं सोडून उठला, त्याहूनही हे अवघड होतं. ‘नाही बाबा, आधी माझं तिसरं वाक्य ऐका’ असं तो म्हणाला नाही. झगा अंगावर चढू दिला.

मोठं प्रायश्चित्त द्या, ही तुझी मागणी म्हणजे तेच तिसरं वाक्य आहे. चाकरासारखं ठेवा. आणि तू ते पुरं करायला बापाला मधे बोलूच देत नाहीस.

पुढचं लिहिताना माझा हात अडखळतो आहे, तरी लिहिते. बाबांचा फोन तू उचलला नाहीस. ते काय म्हणतील याची तुला धास्ती होती. ओरडतील, किंवा त्याहून कठीण म्हणजे ओरडणारच नाहीत. बारा वर्षं झाली, आणि अजूनही बापाच्या तोंडून काही ऐकायची वेळ आली की तू ते ऐकत नाहीस. पूर्वी फोन वाजू दिलास, आता प्रार्थना म्हणतेस. मुली, तो तुझ्यावर ओरडायला फोन करत नाही आहे गं.

आपल्या मराठीत एक गंमत आहे, तुझ्या लक्षात आली का बघ. बाबांना तू बहुधा ‘अहो’ म्हणत असशील. पण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना आपण सरळ ‘तुझे नाव’, ‘तुझे राज्य’ असं म्हणतो. त्या पित्याशी आपलं नातं आईशी असतं तसं एकेरी आहे. तोही उत्तर देतो ते ‘तुला’ असंच. संत पौलानेही बायबलमधल्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात एका ठिकाणी ‘आपण सर्व’ सोडून दिलं आणि लिहिलं की देवपुत्राने माझ्यावर प्रीती केली, स्वतःला माझ्याकरता दिलं. आणि हा पौल ख्रिस्तसभेचा छळ करणारा होता. त्याच्यापाशीही न उचललेले फोन कमी नव्हते.

एक सावधगिरी, कारण तुझ्यासारख्या मनाला मी ओळखते. हे वाचून दहाव्यांदा तेच पाप घेऊन जाशील, या वेळी ऐकायचं म्हणून. नाही. तू ऐकलं नाहीस म्हणून क्षमा अडलेली नाही. ती पहिल्याच वेळी मिळाली, पूर्ण मिळाली. नंतरच्या आठ वेळा तिथे ते पाप उरलेलंच नव्हतं. जेसुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसची १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसाला हीच गत झाली होती. कबूल केलेली जुनी पापं तो पुन्हा पुन्हा कबूल करायचा, स्वतःला संपवण्याचे विचार मनात येण्यापर्यंत मजल गेली. शेवटी त्याने ठरवलं की मागचं काहीही पुन्हा कबूल करायचं नाही. त्यानंतर तो मोकळा झाला. त्याच्यासारखा हट्टी माणूस हे करू शकला, तर तूही करशील.

तर या महिन्यात पापनिवेदनाला जा. बाबांचा विषय काढायचा नाही, अर्ध्या वाक्यातसुद्धा नाही. या महिन्याचं जे असेल ते सांग: नवऱ्यावर केलेली चिडचिड, एखादं खोटं, जे असेल ते. आणि या वेळी फादर बदलू नकोस. मागच्या वेळी ज्यांच्याकडे गेलीस त्यांच्याचकडे जा. तीन ‘नमो मरिया’ दिल्या तर तीनच म्हण, चौथी म्हणू नकोस. पश्चात्तापाची प्रार्थना लवकर संपव, छोटीशी म्हण. मग ओठ मिटून घे. डोळे मिटायचे तर मीट, पण मनात दुसरी प्रार्थना सुरू करू नकोस. फादरांचा हात वर जाईल. जगाबद्दलचं वाक्य येईल, ते जाऊ दे. त्याच्या मागून जो शब्द येतो त्याची वाट बघ.

तो ऐकलास की ‘आमेन’ म्हण आणि बाहेर ये. मग मला पत्र टाक. मोठं नको. काय ऐकलंस, तेवढंच लिही.

तुझी,
मावशी