माणसाच्या स्वभावावर नेमकं बोट ठेवणारी तुमची आवडती मराठी म्हण कोणती?

माझं उत्तर: ‘दुष्काळात तेरावा महिना’. ही म्हण हसवता हसवता चिमटा काढते, आणि या तीन शब्दांत माणसाचं अख्खं घर दिसतं.

उपदेश करणाऱ्या म्हणी मला फारशा भावत नाहीत. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे खरंच, पण ज्याला अंथरूणच नाही त्याने काय करायचं? तेरावा महिना शहाणपण शिकवत नाही, हिशेब मांडतो. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दरवर्षी पडणारी ही ११ दिवसांची तूट भरून काढायला ३२-३३ महिन्यांनी पंचांगात एक महिना जास्तीचा घालावा लागतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तो असाच.

आता हा हिशेब गरिबाच्या घरात नेऊन बघा. गावाकडे सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं, पाडवा ते पाडवा. अधिक महिन्याच्या वर्षी मालक ठरलेल्या रकमेवरच अडून राहिला, तर राबायचं तेरा महिने आणि दाम बाराचे. शिवाय हा धोंड्याचा महिना! लेक-जावयाला बोलवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. अनारसे म्हणजे तांदूळ, गूळ, खसखस आणि तळायला तूप. कणगीचा तळ दिसत असला तरी सासू शेजारून उसनं आणते, पण जावयाच्या ताटात एक अनारसा कमी पडू देत नाही. मला स्वभाव दिसतो तो इथे. माणूस पोटाला चिमटा घेईल, चारचौघांत हात आखडणार नाही. आजही घराचे हप्ते चालू असताना लग्नाचा हॉल मोठाच बघितला जातो. ती ओढाताण या म्हणीला पुरती ठाऊक आहे, म्हणून ती मला जवळची वाटते.

दुसरी निवडायची तर ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’. आत्ता मोठ्याने ‘ट’ म्हणून बघा. जीभ उचलली, टाळ्याला लागली, झालं काम! बोलायला एवढेच कष्ट पडतात, हे ज्या कुणी पहिल्यांदा टिपलं त्याचं मला फार कौतुक आहे.