सीडी प्लेयरचा ट्रे उघडत नाही, आतून नुसता आवाज येतो. दुकानदार म्हणतो लेन्स गेली. घरी दुरुस्त होईल का?

होईल, आणि मला वाटतं खर्चही फारसा येणार नाही. लेन्स बदलायला मात्र आत्ता कुणाला हो म्हणू नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी १९९८ च्या सुमारास घेतलेली मिनी हाय-फाय सिस्टीम आहे, रेडिओ आणि टेप नीट वाजतात, सीडीचं बटण दाबलं की आत दोन-तीन सेकंद 'घूं' असा आवाज येऊन थांबतो, ट्रे जागचा हलत नाही आणि वडिलांची नाट्यगीतांची सीडी आत अडकून पडली आहे. लेन्सचं काम डिस्क वाचण्याचं. ट्रे बाहेर ढकलणारी मोटर बहुतेक यंत्रांत वेगळी असते. लेन्स पूर्ण निकामी झाली तरी ट्रे उघडायलाच हवा. शिवाय तुम्हाला आवाज येतोय, म्हणजे मोटर फिरते आहे. तिचा जोर ट्रेपर्यंत पोचत नाही, एवढाच प्रश्न आहे.

मी घरगुती ऑडिओची यंत्रं दुरुस्त करतो. अडकलेल्या प्लेयरला हात लावण्याआधी मी कान लावतो. तुम्हीही तेच करा. खोलीतला पंखा बंद करा, बटण दाबा आणि नीट ऐका. मोटर हलकी, मोकळी, जरा चढ्या सुरात फिरत असेल तर तिचा जोर ट्रेकडे नेणारा रबरी बेल्ट घसरतोय. आवाज दबका, ओढल्यासारखा असेल तर पुढे काहीतरी घट्ट बसलंय. वाळलेलं ग्रीस किंवा जागेवरून सरकलेली डिस्क. 'कट-कट-कट' येत असेल तर गिअरचे दात एकमेकांवरून उड्या मारताहेत. काहीच आवाज नसेल तर मोटर, तिला वीज देणारं सर्किट किंवा खुद्द बटण तपासावं लागतं. तशा वेळी मोटरचा कनेक्टर काढून तिच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघायचा. फिरली तर मोटर जिवंत आहे. तुमच्या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो.

बेल्ट सैल झाला की ट्रे मिटतो पण उघडत नाही, असं का होतं हे समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ट्रे पूर्ण आत गेला तरी मोटर थांबत नाही. ती आणखी थोडी फिरते, आणि त्या शेवटच्या फेऱ्यांत एक खाच असलेला गिअर लेन्स-मोटरचा अख्खा सांगाडा वर उचलतो. डिस्क फिरवणाऱ्या चकतीवर सीडी टेकते आणि वरून एक गोल टोपी तिला दाबून धरते. ही पकड बहुधा लोहचुंबकाची असते. उघडताना हाच क्रम उलटा: आधी चुंबकाची पकड सोडवायची, सांगाडा खाली आणायचा आणि मग ट्रे सरकवायचा. म्हणजे सगळ्यात जड काम अगदी सुरुवातीलाच येतं. वीस-पंचवीस वर्षांचा रबरी बेल्ट मोकळा ट्रे सहज ओढेल, पण चुंबकापुढे हरतो आणि पुलीवर घसरत राहतो.

सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. प्लेयर रिकामा असताना ती टोपी तेवढी आणखी खाली येते आणि चुंबक जास्त घट्ट धरतो. म्हणून कुरकुरणारा ट्रे रिकामा असताना हमखास अडकतो. नवीन बेल्ट मिळेपर्यंत आत एखादी साधी डिस्क ठेवून द्यायची, तेवढ्यावर काही आठवडे निघतात. तुमचा ट्रे डिस्क असतानाही उघडत नाही, तेव्हा बेल्ट बराच ताणला गेला असणार.

आता आधी सीडी बाहेर काढू. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा. यंत्र उलटं करून तळ बघा: काही प्लेयरना वाहतुकीसाठी तळातून एक स्क्रू लावलेला असतो, घर बदलताना कुणीतरी तो पुन्हा घट्ट केलेला असतो आणि सगळे विसरतात. काही यंत्रांत तळाला किंवा ट्रेखाली एक भोक असतं. त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून आतला गिअर हाताने फिरवता येतो. तसं नसेल तर वरचं झाकण काढा. जपानी यंत्रांचे स्क्रू आपल्याकडच्या साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने निसटतात आणि डोकी झिजतात, म्हणून टोक खाचेत पूर्ण बसतंय ना हे बघून, दाबून फिरवा. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा.

ट्रेजवळ, बहुधा पुढच्या बाजूला, एक छोटी मोटर आणि तिच्याशी बेल्टने जोडलेली मोठी प्लास्टिकची पुली दिसेल. ती बोटाने हळूहळू फिरवा. बऱ्याच फेऱ्या काहीच होत नाहीसं वाटेल, कारण सांगाडा खाली उतरतोय. धीर धरा. एका दिशेला अडली तर दुसऱ्या दिशेला फिरवा. मग ट्रे आपोआप बाहेर येऊ लागेल. इथे माझी कळकळीची विनंती आहे: ट्रे सुरी, पट्टी किंवा नखांनी उचकटू नका. ट्रेच्या खालच्या अंगाला दातांची पट्टी असते, ट्रेचाच भाग. तिचे दोन दात तुटले तर बेल्टचं साधं काम बाजूला राहतं आणि तसाच दुसरा ट्रे शोधत भंगार बाजार पालथा घालावा लागतो. मोडलेले बहुतेक ट्रे मी बघितलेत ते घाईने ओढलेलेच.

सीडी बाहेर आली की जुना बेल्ट चिमट्याने काढा. तो चकाकत असेल, कडक वाटत असेल किंवा टेबलावर ठेवल्यावर गोल न होता लांबट राहत असेल, तर गेला. काही जण तो उकळत्या पाण्यात टाकतात. थोडा आकसतो आणि काही दिवस चालतो. अडकलेली डिस्क काढण्यापुरतं ठीक, दुरुस्ती म्हणून नाही. भाजीच्या जुडीचं रबर लावू नका. ते चपटं असतं, एकसारखं ओढत नाही, आणि आपल्या हवेत लवकर चिकट होऊन पुलीला लेपासारखं बसतं.

माप असं घ्या. दोन्ही पुल्यांभोवती, बेल्ट जिथून जातो त्याच खाचेतून, दोरा गुंडाळा आणि मोजा. समजा १६० मिलिमीटर आला, तर बेल्टचा घेर साधारण १५० हवा, म्हणजे पाच-सहा टक्के कमी. जाडी जुन्या बेल्टवरून. छेद बहुधा चौकोनी असतो. कुणी घेर सांगतं, कुणी व्यास, कुणी बेल्ट चपटा दाबून मोजलेली लांबी. १५० घेराचा बेल्ट व्यासात सुमारे ४८ आणि चपटा ७५ भरतो, तेव्हा कोणतं माप बोलताहेत ते विचारूनच पैसे द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे जुना बेल्ट हातात घेऊन गेलात तर बरं. ऑनलाइन वेगवेगळ्या मापांची पाकिटंही मिळतात. फार घट्ट बेल्ट मात्र घेऊ नका, मोटरच्या दांड्यावर ताण येतो आणि ती दबकी फिरते.

नवीन बेल्ट चढवण्याआधी दोन्ही पुल्यांच्या खाचा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. जुन्या रबराचा पातळ थर तिथे बसलेला असतो. तो ठेवला तर नवा बेल्टही घसरेल. बेल्टला बोटांचं तेल लागू देऊ नका.

झाकण उघडलंच आहे तर ग्रीसही बघा. ट्रे ज्या खोबणींतून सरकतो तिथलं ग्रीस कडक, पिवळं झालेलं असतं. ते पूर्ण पुसून काढा आणि प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस किंवा पांढरं लिथियम ग्रीस अगदी थोडं लावा, मोहरीएवढं पुरे. शिलाई मशीनचं तेल नको, ते पसरत पसरत बेल्टवर आणि लेन्सवर जातं. गंज सोडवणारा फवाराही नको. खोबरेल तेल तर मुळीच नको, थंडीत ते थिजतं आणि ट्रे पुन्हा अडकतो. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातात. कोकणात राहत असाल तर धातूच्या दांड्यांवर गंज आणि कोपऱ्यांत मुंग्यांची माती हमखास सापडेल. मऊ ब्रशने काढा, लेन्सवर उडू देऊ नका.

एवढं केल्यावर ट्रे उघडायला हवा. उघडून लगेच आपोआप मिटत असेल, किंवा पूर्ण मिटल्यावरही मोटर फिरत राहत असेल, तर ट्रे कुठे आहे हे सांगणारा छोटा स्विच बघा. दोन पातळ पत्र्यांचा असेल तर त्यांच्यामध्ये अल्कोहोलने ओला केलेला कागदाचा तुकडा घालून ओढा, काळा डाग निघाला की काम झालं.

'कट-कट' आवाजाचं कारण जरा चिवट आहे. धातूच्या दांड्यावर दाबून बसवलेला प्लास्टिकचा छोटा गिअर वर्षानुवर्षं ताणाखाली राहून केसाएवढा चिरतो. चीर पडली की दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि प्रत्येक फेरीला तिथेच एकदा अडखळतं. भिंगातून बघितल्याशिवाय दिसत नाही. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडू नका. त्याची वाफ लेन्सवर धुक्यासारखी बसते आणि जोड टिकतही नाही. तशाच यंत्राचा गिअर मिळवायचा. यात एक मोठी सोय आहे: वरची पाटी वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी आतला सांगाडा पुष्कळदा एकाच बनावटीचा असतो. सोनीचं केएसएस-२१३ हे लेन्सचं युनिट कितीतरी इतर ब्रँडच्या सिस्टीममध्येही बसवलेलं होतं. म्हणून भंगारात शोधताना लेन्सच्या युनिटवरचा आणि सांगाड्यावरचा नंबर जुळवा.

तीन किंवा पाच डिस्कचा चेंजर असता तर मी तुम्हाला घरी उघडू नका म्हटलं असतं. त्यात गिअरवरच्या खुणा एकमेकींशी जुळवूनच बसवाव्या लागतात, एक दात चुकला तरी पुन्हा अडकतं. एका ट्रेच्या यंत्रात तेवढी गुंतागुंत नसते. पुढे सरकणारा ट्रे पहिल्यापासूनचा आहे. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात आलेल्या सोनी सीडीपी-१०१ लाही तो होता. फिलिप्सचा सीडी१०० मात्र वरून झाकण उघडायचा, त्यामुळे त्यात अडकायला ट्रेच नव्हता. मला स्वतःला तीच रचना आवडते.

धोक्याच्या दोन गोष्टी. झाकण उघडं ठेवून प्लग लावलात तर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला २३० व्होल्ट उघडे असतात. तिकडे हात न्यायचा नाही, लहान मुलं खोलीत नकोत. आणि लेसर ७८० नॅनोमीटरचा, जवळपास न दिसणारा असतो. दिसत नाही म्हणून लेन्समध्ये डोकावू नका. लेन्सच्या चपट्या केबलच्या टोकांनाही बोट लावू नका, अंगावरच्या स्थिर विजेनेसुद्धा लेसर मरतो.

तपासताना आधी रिकामा ट्रे पाच-सहा वेळा उघडा-मिटा, कारण कठीण परीक्षा तीच. मग डिस्क घालून. ती वाजली तरी लगेच झाकण लावू नका. सीडी आतून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते; सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे असतात, कडेला २०० च्या आसपास. लेन्स जिच्यावरून सरकते त्या दांडीचं ग्रीस वाळलं असेल तर पहिली गाणी छान वाजतात आणि शेवटची अडखळतात. त्यालाच पुष्कळ ठिकाणी 'लेन्स गेली' म्हणून बिल लागतं. म्हणून सत्तर मिनिटांची भरलेली डिस्क घाला आणि शेवटचा ट्रॅक लावून बघा. अडखळला तर ती दांडी आणि तिच्याशेजारचे गिअर पुसून तेच पांढरं ग्रीस लावा, थेंबभर.

वडिलांची सीडी वाजवण्याआधी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. आणि बेल्ट बदलूनही ट्रे अडलाच, तर सांगाड्यावरचा नंबर, पुलीच्या बाजूचा फोटो आणि आवाज कसा येतो तेवढं इथेच खाली लिहा. आवाजाचा व्हिडिओ टाकता आला तर सर्वांत उत्तम, त्यावरून मी पुढचं सांगू शकेन.