माळेगावच्या यात्रेतलं पशुप्रदर्शन कशासाठी? आता ट्रॅक्टर आल्यावर त्याचा काय उपयोग?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमारास खंडोबाची ही यात्रा भरते. निजामाच्या राजवटीतही हा बाजार भरायचा. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळं एका माळावर. देवदर्शन आणि जनावरांची खरेदी एकाच फेरीत उरकायची, ही जुनी रीत.

जिल्हा परिषद इथे पशुप्रदर्शन आणि कृषी प्रदर्शन घेते. मला विचाराल तर खरं मोल लाल कंधारीचं. गडद तांबड्या रंगाची ही गाय-बैलांची जात याच कंधार-लोहा भागातली, उन्हातान्हात राबणारी. चांगला वळू कोणाच्या दावणीला आहे हे शेतकऱ्याला इथेच कळतं, मग पुढची पैदास सुधारते. दात, खूर, वशिंड, चाल कशी पाहायची हे पोरं म्हाताऱ्यांच्या शेजारी उभी राहून शिकतात. ते पुस्तकात वाचून येत नाही.

शिवाय वैदू, वडार, गोसावी अशा भटक्या समाजांची वर्षातली गाठभेट इथेच व्हायची, सोयरिकीही जुळायच्या. ट्रॅक्टर नांगरट करील, पण लाल कंधारीचा वंश टिकवायला असा माळ लागतोच.