सागवान कटाई: झाड पाडणं हे अर्धंच काम

झाड कुठल्या बाजूला पडणार हे कोण ठरवतं, आणि चेनसॉ आल्यावर या कामात कसब ते काय राहिलं, असं विचारलंय. मी आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागाचंच सांगतो, कोकणातलं नी मेळघाटातलं तिकडच्यांनी सांगावं.

कोणतं झाड तोडायचं हे मजुराच्या हातात नसतंच. कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, आधी मार्किंग होतं, जमिनीपासून १.३७ मीटरवर गोलाई मोजतात, नंबर टाकतात, हातोड्याचा शिक्का मारतात, शिक्का नाही त्या झाडाला हात लावायचा नाही. पण पाडायचं कुठं हे सगळं त्याच्यावर. शेंडा कुणीकडं झुकलाय, वारं कसं आहे, बाजूला राखायची झाडं कोणती, आणि खाली दगड आहे का हे तर आधी, कारण बुंधा दगडावर आपटून उभा तडकला की सगळ्यात महागाचा नग, म्हणजे लाकडाचा तुकडा, तिथंच गेला. पाडायच्या बाजूनं खाली खाच घ्यायची, मागून थोडं वरनं कापत यायचं आणि मधे बोटभर-दोन बोटं लाकूड मुद्दाम सोडायचं, झाडाला वळण तेच देतं. घाईत तेही कापलं की झाड मोकळं झालं, मग कुठंही जातं. बुंधा जमिनीलगत नी उतरता कापतात, पाणी साचून कुजू नये म्हणून, सागाला थुटातून परत फुटवे येतात ना.

झाड दुसऱ्या झाडात अडकलं तर मात्र त्याच्याखाली जायचं नाही म्हणजे नाही. नवखे पोरं नेमकं तेच करतात, ज्यात अडकलं तेच झाड कापायला जातात. लांबून दोर लावून बुंधा मागं ओढायचा.

आता खरं कसब, माझ्या मते ते पाडल्यावर सुरू होतं. वाक कुठं आहे, पोकळी कुठपर्यंत गेलीय, गाठ कुठल्या नगात ढकलायची, हे बघून तुकडे पाडायचे. तेच झाड दोन हातांत दोन वेगळ्या दरांनी जातं. मोजणी गोलाईच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग गुणिले लांबी अशी, म्हणजे १२० सेंमी गोलाईचा ३ मीटर नग ०.२७ घनमीटर, खऱ्या हिशोबानं तो ०.३४ भरतो. हे फसवणूक वाटते पण चौकोनी लाकूड काढताना गोलाकार बाजू वायाच जाते.

चेनसॉनं वेळ वाचला एवढंच, डोळा मशीन देत नाही. वर हात सुन्न पडतात ते वेगळंच. ओढायला पूर्वी हत्ती असायचे, कमलापूरचा कॅम्प त्यातलाच, आता ट्रॅक्टर. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराला बल्लारपूरहून सागवान गेलं तेव्हा फोटो सगळे डेपोतले आले, कूपातल्या माणसाचा एकही माझ्या बघण्यात नाही.

बघायचं असेल तर वनखात्याची परवानगी काढून दिवाळीनंतर या, पण झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब उभं राहायचं, फोटोसाठीसुद्धा जवळ यायचं नाही.