सालामांकात वर्षभर शिकताना मधल्या सुट्ट्यांत स्पेनची कोणती जुनी गावं पाहावीत?

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरपासून वर्षभर सालामांकाला आहात, नाताळच्या सुट्टीतल्या दहा दिवसांत तोलेदो, सेगोव्हिया, आव्हिला, कोर्दोबा, ग्रानादा, सेव्हिल, कासेरेस आणि जमलं तर लिस्बन होईल का. पैसे बेताचे, शिवाय तुम्ही शाकाहारी.

होईल. पण परत आल्यावर फक्त बसस्टँड आठवतील. पुण्यात स्पॅनिश शिकून मीही सालामांकाला एक वर्ष काढलंय, आणि अशीच यादी घेऊन निघाले होते. ती निम्मी करा आणि जिथे जाल तिथे रात्री राहा.

पहिल्यांदा लिस्बन खोडा, ते पोर्तुगालात आहे. विद्यार्थी व्हिसावर पोचल्यावर महिन्याभरात टीआयई, म्हणजे परदेशी रहिवाशांच्या ओळखपत्राच्या, कार्डासाठी अर्ज करावा लागतो, मग बोटांचे ठसे, मग वाट बघणं. व्हिसाची मुदत संपली आणि कार्ड हातात नाही, अशा वेळी स्पेनबाहेर पडलात तर परत येताना पंचाईत होते. त्यासाठी 'आउतोरिसासिओन दे रेग्रेसो' नावाचा परतीचा परवाना काढावा लागतो. माझं कार्ड डिसेंबरात आलंच नाही. मैत्रिणी प्रागला गेल्या, मी खोलीत बसून रडले आणि दुसऱ्या दिवशी तोलेदोचं तिकीट काढलं. आता वाटतं, बरं झालं.

तोलेदोला लोक माद्रिदहून सकाळी येतात आणि संध्याकाळी परततात. रेल्वेनं जेमतेम अर्धा तास, त्यामुळे कुणी राहत नाही. दुपारी गल्ल्यांत जत्रा असते. सातनंतर गाव रिकामं. तीन बाजूंनी ताहो नदी, वर खडक, बोळ इतके अरुंद की समोरून गाडी आली तर दाराच्या कोनाड्यात शिरायचं. सांता मारिया ला ब्लांका हे जुनं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) जरूर पाहा: आत पांढरे खांब आणि नालाच्या आकाराच्या कमानी, अगदी मशिदीसारख्या, आणि नाव मात्र ख्रिस्ती चर्चचं. १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढलं, त्याच्या बऱ्याच आधी ते चर्च झालं होतं. एकाच खोलीत तीन धर्म कसे मावले, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. याच गावचा काझी साईद अल-अंदलुसी यानं १०६८ मध्ये जगातल्या विद्याप्रेमी लोकांचा आढावा लिहिला, आणि त्यात पहिला मान भारतीयांना दिला. गणित, ज्योतिष आणि आपल्या अंकांचं कौतुक त्यात आहे. गडी भारतात कधी आला नव्हता, सगळं अरबी ग्रंथांतून कळलेलं. हे मला तिथल्या वाचनालयात समजलं आणि मी उगाचच दिवसभर ताठ मानेनं फिरले.

सेगोव्हियाला पोचताना मी फसले. वेगवान गाडीचं स्टेशन गावापासून काही किलोमीटर दूर माळावर आहे. गावात जाणारी बस गाडीच्या वेळेला असते. मी फोटो काढत बसले आणि ती गेली. जलसेतू मात्र सगळं विसरायला लावतो. रोमनांनी ग्रॅनाइटचे चिरे एकावर एक रचले, चुना नाही, काही नाही, आणि सर्वात उंच जागी तो सुमारे २८ मीटर आहे. आपण हेमाडपंती देवळांचं कौतुक करतो तेच इथे, फक्त कमानींत. पहाटे जा, खाली चौकात चिटपाखरू नसतं. या गावात अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू ताटलीच्या कडेनं कापून, मग ताटली फोडायची प्रथा आहे. तुम्ही शेजारच्या टेबलावर बसला असाल तर खिडकीबाहेर बघा.

आव्हिलाला मी ५ जानेवारीला पोचले, हा अपघातच. त्या संध्याकाळी बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांची मिरवणूक निघते आणि रथांवरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात. पोरं खाली वाकून वेचतात हे ठीक, पण आज्ज्या छत्र्या उलट्या धरून झेलत होत्या! मला आमच्याकडचं बोरन्हाण आठवलं. तिथे एक बाळ मध्ये बसतं, इथे सगळं गाव बसलं होतं. ६ तारखेला मात्र सुट्टी, दुकानं बंद. बिस्किटांवर दिवस काढला आणि अडीच किलोमीटरच्या तटाला बाहेरून चक्कर मारली. गाव अकराशे मीटरच्या वर आहे, थंडी हाडात शिरते. स्वस्त खोली घेण्याआधी हीटर रात्रभर चालतो का, हे विचाराच.

खाण्याचं. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, कारण त्यांच्या लेखी हॅम आणि टूना ही भाजीच. 'नी कार्ने, नी खामोन, नी आतून' असं म्हणा. आतून म्हणजे टूना, आणि सॅलडमध्ये तो खरंच आतून निघतो. आव्हिलात 'पातातास रेव्होल्कोनास' मिळतात, तिखट-लाल घोटलेला बटाटा. वरचे डुकराचे तुकडे नकोत असं आधी सांगा. अंडं चालत असेल तर तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, सगळीकडे आहे. तोलेदोचा मार्सिपान म्हणजे बदामी बर्फीची चुलत बहीण. दुपारचा 'मेनू देल दिया', म्हणजे ठरलेल्या किमतीचं जेवण, दोन-अडीचला घ्या, तोच मुख्य आणि स्वस्त जेवणाचा सौदा. सातला रात्रीचं जेवण मागाल तर कॉफीच मिळेल.

दक्षिणेतलं एकच निवडायचं असेल तर कोर्दोबा. ग्रानादाचा अलांब्रा, मुस्लिम सुलतानांचा किल्ला, सुंदर आहेच, पण त्यातल्या नासरी महालांची वेळ ठरलेली असते आणि तिकिटं आधीच संपतात. तो स्वतंत्र बेत करा. कोर्दोब्याच्या मेस्किताला, म्हणजे तिथल्या जुन्या मशिदीत, रविवार सोडून सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट सोडत असत, सध्याची वेळ बघून घ्या. साडेआठशेवर खांब. त्यातले बरेच जुन्या रोमन इमारतींतून आणलेले आणि बुटके, म्हणून उंची मिळवायला कमानींवर पुन्हा कमानी चढवल्या. त्या खांबांच्या जंगलाच्या मधोमध १६ व्या शतकात कॅथेड्रल घुसवलंय. मला ते खटकलं, माझ्या घरमालकिणीला आवडतं, आमचं त्यावरून भांडण झालं. संध्याकाळी वांग्याचे तळलेले काप खा, वर 'मिएल दे कान्या' ओततात. ती चक्क आपली काकवी!

कासेरेस नाताळात नको, जानेवारीच्या परीक्षांनंतर जे चार-सहा दिवस मिळतात त्यात करा. सालामांकाहून बसनं तीनेक तास. आपसांत भांडणाऱ्या सरदारांचे बुरूज राणी इसाबेलनं छाटायला लावले होते, एक उंच राहिला, त्याला करकोच्यांचा बुरूज म्हणतात. तिकडची म्हण आहे की सान ब्लास या संताच्या दिवशी, म्हणजे ३ फेब्रुवारीला, करकोचा दिसतो. मी ४ तारखेला गेले. प्रत्येक मनोऱ्यावर एक जोडी चोच वाजवत बसलेली होती.