स्कॅनर घेण्याआधी

अरे, गाडीतला बिघाड शोधणारा स्कॅनर किती गाड्यांना चालतो हे नंतर बघ. आधी विचार, अपडेट किती वर्षं मिळणार आणि दरवर्षी पैसे किती मोजायचे. माझा पहिला स्कॅनर तीन वर्षांत मुका झाला. कंपनीने अपडेट बंद केले, एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या, म्हणजे धुराच्या कडक नियमांतल्या, आल्या, आणि पठ्ठ्या डीपीएफ रीजनरेशनचं (डिझेल गाडीच्या धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळून टाकणं) नावच घेईना.

गाडीतल्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमधून (स्कॅनर जोडायची जागा) इंजिनाचे साधे बिघाडाचे कोड स्वस्तातला स्कॅनरही वाचतो. एबीएस (ब्रेक लॉक न होऊ देणारी यंत्रणा), एअरबॅग, इंजेक्टर कोडिंग (नव्या इंजेक्टरचा कोड गाडीत भरणं) मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं. अपडेट लागतात ते तिथे. वर्गणी संपल्यावर यंत्र जुन्या गाड्यांवर तरी चालतं की सरळ लॉक होतं, हे विक्रेत्याकडून लेखी घे. आणि हो, केबल सुटी मिळते का? माझी दोनदा तुटली.