ज्युडीसाठी जुनी रबरं शोधू नका, स्प्रिंगा बसवा

काकांकडून आलेली १९९६ सालची सायकल, तिला रॉकशॉक्स कंपनीचा पिवळा ज्युडी एसएल चिमटा (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा फोर्क), दाबला तरी हलत नाही आणि वरचं बूच उघडलं तर आतून काकवीसारखा चिकटा आला, असं तुम्ही लिहिलंय. मूळ रबरं कुठे मिळतील हा तुमचा प्रश्न. शोधलीत तर मिळतील, पण घेऊ नका.

तो चिकटा म्हणजेच ती रबरं. त्या काळी बऱ्याच चिमट्यांत स्प्रिंगऐवजी युरेथेनचे ठोकळे असत, आत बारीक बुडबुडे असलेले, एकावर एक रचलेले. वजनाला हलके म्हणून ते सगळ्यांना आवडायचे. पण हवेतला दमटपणा युरेथेनला हळूहळू तोडतो. सायकल चालवा नाहीतर गॅरेजमध्ये टांगून ठेवा, त्याला फरक पडत नाही. म्हणून सीलबंद पाकिटातला ‘नवा’ सेटसुद्धा तीस वर्षांचा म्हाताराच असतो. मी माझ्या ज्युडी एक्ससीसाठी, म्हणजे ज्युडीच्याच दुसऱ्या मॉडेलसाठी, असा एक सेट घेतला होता. हाताला छान लवचिक लागला, मी खूश. इथे सॅन होजेत सांता तेरेसाच्या टेकडीवर दोन महिने फिरवला आणि उघडला तेव्हा आत निव्वळ चुरा होता. विकणाऱ्याने फसवलं नव्हतं. मालाचं वयच झालेलं होतं.

स्प्रिंगा घेण्याआधी मात्र चिमटा जगवण्यासारखा आहे का ते बघा. यात घाई करू नका, कारण चालत्या सायकलवर चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो. चाक काढा, सगळं पुसून कोरडं करा आणि टॉर्च घेऊन क्राउनभोवती, म्हणजे दोन्ही पाय जोडणाऱ्या वरच्या आडव्या तुकड्याभोवती, नीट शोधा: हँडलकडे जाणारी नळी जिथे क्राउनमध्ये दाबून बसवलेली आहे तिथे, आणि दोन्ही पायांच्या नळ्या आवळणाऱ्या बोल्टांपाशी. केसाएवढी चीर दिसली तरी तो चिमटा भिंतीवर लावायचा, रस्त्यावर न्यायचा नाही. खालचे पाय मॅग्नेशियमचे आहेत. रंगाखाली फुगवटा किंवा पांढरी भुकटी असेल तर तिथे धातू खाल्ला गेलाय. ब्रेकचे खुंट आणि चाकाचा आस बसतो ती जागा विशेष तपासा.

आता उघडणं. वरची बुचं प्लॅस्टिकची, आटे नाजूक. माझं एक बूच तिरकं बसलं, मी जोर लावला आणि आटे गेले. तेव्हापासून बूच आधी उलटं फिरवतो, ‘टक्’ करून आटा जागेवर पडला की मगच सुलटं. पायांच्या तळाचे बोल्ट चार-पाच फेरेच सैल करा, त्यांच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकेच ठोका, आतला दांडा सुटला की मग पूर्ण काढा. चिकट्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लांब काठीला गुंडाळलेली फडकी. एक अख्खी संध्याकाळ जाते. नळीच्या आत पटाशी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, बुश, म्हणजे नळ्या ज्यांवर सरकतात ती आतली कडी, ओरखडले जातात.

स्प्रिंगचं माप गळून गेलेल्या रबरांवरून घेऊ नका, ती आखडलेली असतात. चिमटा पूर्ण ताणून नळीच्या आतली खोली मोजा, बूच बसतं तिथपासून तळच्या टेकूपर्यंत. स्प्रिंग त्याहून किंचित लांब हवी, म्हणजे बूच लावताना थोडी दाबली जाईल. आणि पूर्ण मिटल्यावर ती इतकी आखूड व्हायला हवी की चिमट्याचा दोन-अडीच इंचाचा प्रवास तिथे अडणार नाही. हे दुसरं माप लोक विसरतात. यात मूळपणा बिघडतो असं वाटून घेऊ नका. १९९८च्या ज्युडीत खुद्द कंपनीनेच रबरासोबत स्प्रिंग घातली होती.

तेलाचं कार्ट्रिज, म्हणजे चिमट्याची उसळी आवरणारी तेलाची नळी, बाहेर काढून दांडा हाताने आत-बाहेर करा. विरोध एकसारखा लागला तर ठीक. मध्येच रिकामं वाटलं तर तेल गेलंय, सील बदलावे लागतील. याच कार्ट्रिजचं गळणं ज्युडीचं जुनं दुखणं आहे.

‘त्यापेक्षा नवा चिमटाच लावतो’ असं मनात येईल. पण आजचे बहुतेक चिमटे तुमच्या फ्रेमला फार उंच पडतात. पुढून वीसेक मिलिमीटर उंची वाढली की हँडलचा कोन जवळपास एक अंशाने सपाट होतो आणि त्या काळच्या फ्रेमचा चपळपणा जातो. काकांची सायकल काकांसारखी वळायला हवी असेल तर हाच चिमटा दुरुस्त करा.

क्राउनचे फोटो टाका, उजेडात, चारही बाजूंनी. ते बघितल्याशिवाय स्प्रिंगांवर एक डॉलरही खर्च करू नका.